लंगडी सबब

बँकेच्या रजेच्या अर्जात कारण लिहायला जेमतेम दीड इंच जागा असते. ‘आजारपण’, ‘लग्नकार्य’, ‘घरगुती अडचण’ एवढंच त्यात मावावं, अशा बेतानेच ती ठेवलेली असावी. एका सोमवारी सकाळी मी त्या दीड इंचात लिहिलं, ‘कुत्रा लंगडत आहे.’ आमचे शाखाधिकारी मितभाषी गृहस्थ. त्यांनी आधी अर्ज वाचला, मग मला वाचलं, मग पुन्हा अर्ज. शेवटी इंग्रजीत विचारलं, “हे कारण आहे?” आमच्या भाषेत अशा कारणाला लंगडी सबब म्हणतात आणि आज ती बहुधा पहिल्यांदाच शब्दशः खरी ठरते आहे, हे त्यांना सांगायचा मोह मी मोठ्या कष्टाने आवरला. अर्ध्या दिवसाची रजा मिळाली.

हे घडलं कुंभकोणमला. उत्तरेला कावेरी, दक्षिणेला अरसलार आणि मधल्या जागेत देवळं, असं हे गाव. देवळांच्या मधल्या जागेत कॉफी. त्यातून जी जागा उरते तिच्यात माणसं राहतात. बदली होऊन मी इथे आलो त्याला तेव्हा आठ महिने झाले होते. मुलीची बारावी असल्यामुळे बायको पुण्यात. मी एका जुन्या अग्रहारातल्या लांबच लांब घराच्या पुढच्या भागात भाडेकरू, मागच्या भागात घरमालक. घरमालक आणि मालकीणबाई तंजावरी मराठी. त्यांचे पूर्वज सतराव्या शतकात एकोजीराजांच्या पाठोपाठ इकडे आले ते इथलेच झाले. इकडे वडीलधाऱ्यांना मामा-मामी म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. मामांचं मराठी माझ्या मराठीपेक्षा तीनशे वर्षांनी मोठं आहे, त्यामुळे वादात मी आपोआप लहान ठरतो. शब्द मराठी, सूर तमिळ, आणि हातवारे दोन्ही भाषांचे मिळून. पहिल्या दिवशी मामींनी मला डांगर पच्चडी वाढली आणि “हे तुमच्याकडे असतं कां?” असं विचारलं. उडदाचं डांगर! माझ्या आजीनंतर ते मला कोणी करून घातलं नव्हतं. त्या दिवसापासून भाडं मी एक तारखेच्या आधीच देतो.

आता बाजी. मी बाजीला पाळलं असं म्हणणं अतिशयोक्तीचं होईल. अरसलारच्या काठाने फिरून येताना तो माझ्यामागून आला आणि माझ्याआधी घरात शिरला. जात नाट्टु नाय, म्हणजे आपल्याकडचा गावठी. पण पाय लांब, पोट आत, छाती खोल. त्यावरून मामांचं मत पडलं की याच्यात चिप्पिपारैचं रक्त असणार. चिप्पिपारै ही दक्षिण तमिळनाडूतली शिकारी जात, सशामागे सोडायची. मामींचं मत पडलं की याच्यात कोपऱ्यावरच्या भज्यांच्या गाडीखाली झोपणाऱ्या तांबड्या कुत्र्याचं रक्त आहे आणि त्याला पाहिलेले लोक अजून हयात आहेत. नाव मी ठेवलं. पहिल्याच सकाळी तो दारात चारी पाय रोवून उभा राहिला आणि दूधवाला, पेपरवाला, विजेचं मीटर वाचणारा यांतल्या एकालाही त्याने खिंड ओलांडू दिली नाही. अशा कुत्र्याला बाजी सोडून दुसरं काय म्हणणार?

बाजीला चालता येत नाही. म्हणजे त्याला धावता येतं आणि झोपता येतं, मधली अवस्था त्याला माहीत नाही. सकाळी नदीपर्यंत धावायचं, दुपारी खारीमागे, संध्याकाळी गल्लीतल्या मुलांच्या क्रिकेटमध्ये. हा त्या संघाचा कव्हर, पॉइंट आणि थर्डमॅन. सगळ्या संघाला मिळून एकच अडचण, की चेंडू अडवल्यावर तो परत द्यायचा असतो हा नियम त्याला मान्य नाही. त्या रविवारी कोणीतरी उंच फटका मारला. बाजी आमच्या तिण्णैवर बसला होता. तिण्णै म्हणजे दाराबाहेरचा ओटा, इथल्या जुन्या घरांना दोन्ही बाजूंना असतो. तिथून त्याने झेप घेतली. झेल घेतला. खाली उतरताना मात्र काहीतरी चुकलं. सामना आपण जिंकलो, असं मला नंतर कळवण्यात आलं.

सोमवारी सकाळी बाजी तीन पायांवर उभा होता. चौथा, मागचा डावा, त्याने जमिनीपासून दोन बोटं वर धरला होता, सोवळ्यातल्या बाईने ओल्या फरशीवरून जाताना धरावा तसा. तोंड मात्र हसरं. रडणं नाही, कण्हणं नाही. कुत्री दुखणं लपवतात. लंगडण्याइतकं उघड होईपर्यंत आत बरंच दुखत असतं, हे मला नंतर कळलं. तेव्हा मी फक्त पुण्याला व्हिडिओ कॉल लावला.

“तळवा बघितलास का?” बायको म्हणाली. “बोटांच्या मधे बघ. नखं बघ. काटा असेल.”

“डाव्या पायात काही दिसत नाही.”

“अरे, तो उजवा पाय आहे.”

“डावा आहे. कॅमेरा उलटा दाखवतोय.”

“मग तू कॅमेऱ्याच्या मागे जा ना.”

आमच्या संसारातले बरेच प्रश्न मी कॅमेऱ्याच्या मागे न गेल्यामुळे निर्माण झालेत, असं तिचं मत आहे. तळवा मी नीट पाहिला. नदीकाठी नेरुंजीचे काटे असतात, म्हणजे आपलं गोखरू. वेडी बाभूळ तर आहेच. काटा नव्हता, चीर नव्हती, नख तुटलेलं नव्हतं. बोटांच्या बेचक्यात एक वाळलेला भाताचा दाणा सापडला, तो बाजीनेच खाल्ला आणि विषय मिटला. म्हणून रजा, म्हणून दवाखाना.

दवाखान्याच्या दारात कंपाउंडर वही घेऊन बसला होता. “अपॉइंटमेंट?” त्याने विचारलं. माझी आई मालवणची. मी गोंधळलो की तोंडातून तिचं मराठी बाहेर पडतं. “नाय,” मी म्हटलं. त्याने मान डोलावली आणि वहीत लिहिलं, नाय. तमिळमध्ये नाय म्हणजे कुत्रा. पुढचा प्रश्न नावाचा. मी ‘बाजी’ म्हटलं, त्याने लिहून घेतलं. आता तमिळ लिपीत ब आणि प यांना एकच अक्षर. त्यामुळे थोड्या वेळाने आतून दुसऱ्याच एका सहायकाने वही वाचत हाक मारली, “पाजी!” आम्ही दोघंही उठलो.

डॉक्टर तरुण बाई होत्या. शांतपणे म्हणाल्या, “एंद काल?”

मला आनंद झाला. परमुलखात ओळखीचा शब्द कानावर पडला की होतो तसा. “कालच!” मी म्हटलं.

“एंद काल?”

“काल हो, काल. रविवारी. संध्याकाळी साडेपाचला.”

त्यांनी बाजीचा मागचा डावा पाय हळूच उचलला आणि माझ्या डोळ्यांसमोर धरला. काल म्हणजे पाय. एंद काल म्हणजे कुठला पाय. त्यानंतर आम्ही दोघं इंग्रजीवर आलो. पराभवाच्या क्षणी भारतीय माणूस इंग्रजीवरच येतो.

खरी नामुष्की पुढेच होती. आमच्या आधी तिथे एक शेळी आणि एक कोंबडा आले होते. त्यांना पाहताच बाजी चारही पायांवर असा काही नाचू लागला की मला माझीच शंका आली. डॉक्टरांनी त्याला चालवून पाहिलं. कुठेही लंगडेपणा नाही. गाडी गॅरेजमध्ये नेली की खडखड थांबते, दाताच्या डॉक्टरसमोर दात दुखायचा थांबतो, तसलाच प्रकार. पण डॉक्टरांना त्याचं नवल नव्हतं. दवाखान्यात आलं की कुत्रा घाबरतो किंवा उत्तेजित होतो आणि तेवढा वेळ दुखणं विसरतो, त्या म्हणाल्या. घराजवळ दुडक्या चालीत धावताना व्हिडिओ काढून आणा. संथ चालताना थोडं लंगडणं दिसत नाही, वेगात धावताना ते लपतं. दुडक्या चालीत पाय जोडीजोडीने पडतात, म्हणून तिथेच चोर सापडतो. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना कुत्रा डोकं वर उचलतो, चांगला पाय टेकताना डोकं खाली जातं. मागचा दुखत असेल तर त्या बाजूचा खुबा वर उडतो. हे ऐकल्यापासून मला रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक प्राण्याचं डोकं आणि प्रत्येक माणसाचा खुबा बघायची खोड लागली आहे. त्यापायी एका कंडक्टरशी भांडणही झालं.

दुडक्या चालीसाठी सपाट, सरळ रस्ता हवा. कुंभकोणममध्ये तसा रस्ता म्हणजे महामहम तलावाच्या कडेचा. याच तलावात १२ वर्षांतून एकदा देशभरच्या सगळ्या नद्या गुप्तपणे येतात अशी श्रद्धा आहे आणि त्या दिवशी लाखो माणसं उघडपणे येतात. मागचं महामहम २०१६ साली झालं. काठावर १६ मंडप आहेत. त्या १६ मंडपांच्या साक्षीने, सकाळी सहा वाजता, मी पट्टा धरून बाजीबरोबर दुडक्या चालीत धावलो. मोबाइल मामांच्या हातात. मामांनी अतिशय मन लावून चित्रीकरण केलं. घरी येऊन पाहिलं तर पहिली ४० सेकंदं त्यांचा अंगठा, पुढे काशी विश्वनाथाचं गोपुर, आणि शेवटी कमरेखालचा मी. कुत्रा कुठेच नाही.

दुसऱ्या दिवशी गल्लीच्या क्रिकेट संघाचा कप्तान आला. वय वर्षं अकरा. त्याने मला दोनदा परत पाठवलं (“अंकल, तुम्ही मधे येता”), स्लो मोशनमध्ये बाजूने, मागून, पुढून असं तीन बाजूंनी चित्रण केलं आणि मोबदला म्हणून, बाजी कधी खेळायला येणार ते लेखी मागितलं.

डॉक्टरांनी तो व्हिडिओ चार वेळा पाहिला. मग म्हणाल्या, “मागचा डावा. खुबा वर जातोय, पाहा. पाचपैकी दोन.” लंगडण्यालाही अशी शून्य ते पाच डिग्री असते हे मला ठाऊक नव्हतं. इथल्या कॉफीलाही डिग्री असतेच. ती दुधाच्या लॅक्टोमीटरवरून आली की चिकरीचा अपभ्रंश होऊन, यावर गावात दोन तट आहेत आणि दोन्ही तटांना कॉफी मात्र पितळी डबऱ्यातच लागते. मी निघायला उठलो तेव्हा डॉक्टर म्हणाल्या, “आणि सर, तुमचा उजवा गुडघा. तो कधीपासून?”

मी गेली चार वर्षं कोणाच्या लक्षात येऊ न देता जिना उतरतो आहे. बायकोलासुद्धा कळलेलं नाही. ही गोष्ट अकरा वर्षांच्या मुलाने काढलेल्या कुत्र्याच्या व्हिडिओत एका पशुवैद्याला सापडावी?

त्यांनी मग बाजीला खाली बसवायला सांगितलं. मी म्हटलं, “बस.” बाजी उभा. “सिट.” उभा. डॉक्टर म्हणाल्या, “उक्कार,” आणि तो टपकन बसला. दुखरा पाय बाजूला फेकून, घरजावयासारखा ऐसपैस. गुडघा दुखणारे कुत्रे असेच बसतात, तीही एक खूण. माझं लक्ष मात्र दुसरीकडेच गेलं होतं. माझा कुत्रा तमिळ शिकला होता आणि मला त्याने सांगितलं नव्हतं.

गुडघ्याचं हाड पुढेमागे सरकतं का ते त्यांनी दाबून पाहिलं. त्यात एक अस्थिबंध असतो, तो तुटला की शस्त्रक्रियाच. मागच्या पायाने लंगडणाऱ्या मोठ्या कुत्र्यांत हे फार वेळा सापडतं. गोचीडतापासाठी रक्त घेतलं, कारण आपल्याकडे सांधे धरले की गोचीड आधी आठवावी. आणि एक्स-रेसाठी चिठ्ठी दिली ती ओरत्तनाडूची, तंजावरच्याही पुढे. तिथे २०१२ सालापासून सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. मामा ताडकन म्हणाले, “मी येतों.” ओरत्तनाडूला तंजावरच्या सरफोजी राजांनी आपल्या प्रिय मुक्तांबाळच्या नावाने बांधलेलं छत्र, म्हणजे धर्मशाळा, आहे. गेली ३० वर्षं तिथे जायला मामांना निमित्त मिळत नव्हतं, ते बाजीच्या पायाने मिळालं. टॅक्सीत पुढे मामा, मागे मी आणि माझ्या मांडीवर २४ किलोचा रुग्ण. वाटभर मामा सरफोजींबद्दल बोलत होते. त्यांनी तंजावरला धन्वंतरी महाल काढला, तिथे माणसांबरोबर जनावरांचीही औषधं तयार होत, रोग्यांचे कागद नीट लिहून ठेवत. १८३२ साली महाराज गेले नसते तर आज आपल्याला एक्स-रेसाठी एवढं लांब यावं लागलं नसतं, असा एकूण सूर होता.

हाड शाबूत. अस्थिबंध तुटलेला नाही, पण लचकलेला. रक्तात गोचीडताप नाही. औषध थोडं, ते पोट भरल्यावर द्यायचं. वजन तीन किलो कमी. आणि सहा आठवडे विश्रांती. उडी नाही, जिना नाही, चेंडू नाही, खार नाही. दिवसातून तीनदा, पाच पाच मिनिटं, पट्ट्यावर, हळू.

“हळू म्हणजे?” मी विचारलं.

“तुम्ही चालता तसं,” डॉक्टर म्हणाल्या.

लंगडणारा माणूस दिसला तर लोक वाट देतात. लंगडणारा कुत्रा दिसला तर सल्ला देतात. आणि कुंभकोणममध्ये सल्ला म्हणजे देऊळ. या परिसरात नवग्रहांपैकी प्रत्येकाचं वेगळं देऊळ आहे आणि दुखण्यांचीही वाटणी झालेली आहे. थरथर कापणाऱ्यांसाठी तिरुभुवनमला कंपहरेश्वर आहे. ज्याला काहीच निदान होत नाही त्याच्यासाठी वैदीश्वरन कोविल. लंगडण्याचं प्रकरण मात्र सरळ शनीकडे गेलं, कारण शनी स्वतःच लंगडा. समोरच्या आजी म्हणाल्या, कुत्र्याला तिरुनळ्ळारला न्या. तिथे नळराजाची शनीपासून सुटका झाली. विड्याच्या पानांच्या दुकानदाराचं म्हणणं, कुत्रा हा केतूचा, शनीचा इथे काय संबंध? यावर दुकानात गिऱ्हाइकं खोळंबेपर्यंत चर्चा झाली. इकडेही साडेसातीला साडेसातीच म्हणतात, एळरै शनी, साडेसात वर्षांचा हिशेब तोच. मामांनी निकाल दिला, “कुत्र्याचं आयुष्यच मुळी दोन साडेसात्यांचं. त्याला वेगळी कशाला लागते?” मामींनी कोणालाच न विचारता कृष्ण अष्टमीला शिवमंदिरातल्या भैरवापुढे मिऱ्यांचा दिवा लावला. भैरवाच्या मागे दगडी कुत्रा उभा असतोच, काम परस्पर होईल असा त्यांचा हिशेब.

देवाने कोणाचं वाईट होत नाही, म्हणून मी सगळ्यांना हो म्हटलं. फक्त एकाला नाही म्हटलं. ओळखीचे एक गृहस्थ स्वतःच्या गुडघ्याची गोळी अर्धी करून घेऊन आले होते. “मला लगेच गुण येतो,” म्हणाले. डॉक्टरांनी मला आधीच दम भरला होता. माणसाच्या वेदनाशामक गोळ्या, मग ती आयबुप्रोफेन असो, डायक्लोफिनॅक असो की पॅरासिटामॉल, आपल्या मनाने कुत्र्याला कधीही द्यायच्या नाहीत. कोणी जठर फाडते, कोणी मूत्रपिंड बसवते, कोणी यकृत. डायक्लोफिनॅकने तर देशातली गिधाडं संपत आणली, म्हणून २००६ सालापासून जनावरांसाठी त्यावर बंदी आहे. हे सगळं मी त्या गृहस्थांना सांगितलं. ते गिधाडांबद्दल हळहळले आणि ती अर्धी गोळी त्यांनी मला दिली. मी घेतली. गुण आला.

विश्रांतीचे ते सहा आठवडे मी बँकेत असताना मामा-मामींनी आणि मी घरी असताना मी भोगले. बाजीने नाही. तिण्णैसमोर आम्ही जुनी फळी आडवी लावली. तांबड्या गुळगुळीत फरशीवर पाय घसरू नये म्हणून कोरैच्या चटया अंथरल्या. लग्नघरात अंथरतात तेवढ्या. दर संध्याकाळी पाच वाजता दारात सात-आठ मुलं उभी राहत आणि एका सुरात विचारत, “अंकल, बाजी विळैयाड वरुवाना?” खेळायला येईल का? मी नाही म्हणत असे. मग ती माझ्याकडे अशा नजरेने पाहत, जणू एका होतकरू खेळाडूला घरच्यांनी बारावीसाठी कोंडून ठेवलंय.

धावणारा कुत्रा बसवून ठेवायचा तर त्याच्या डोक्याला काम द्या, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. काम मामींनी शोधलं. त्यांच्याकडे आजेसासूबाईंची पल्लांगुळी आहे. म्हणजे सात-सात वाट्यांच्या दोन ओळी कोरलेली लाकडी पाटी. त्यात चिंचोके किंवा कवड्या वाटत वाटत खेळतात. मामींनी १४ वाट्यांत खाण्याचे दाणे लपवले, वर कागदाचे बोळे बसवले आणि पाटी बाजीपुढे ठेवली. पहिल्या दिवशी त्याला २० मिनिटं लागली. चौथ्या दिवशी तीन. आठवड्याने तो बोळ्यांना हातही लावेना. सरळ पाटी उलटी करू लागला. “कपटाने खेळतो,” मामी म्हणाल्या आणि त्यांनी त्याच्याशी दोन दिवस अबोला धरला.

वजनाचं प्रकरण त्याहून नाजूक होतं. २४ वरून २१ वर यायचं होतं. मी मोजून वाटी देत होतो. आकडा मात्र २४ वरून साडेचोवीसवर गेला. ज्या गावात रामानुजन लहानाचे मोठे झाले, त्या गावात वजाबाकी करून उत्तर वाढीव कसं येतं, ते मला कळेना. कळलं ते अचानक दुपारी घरी आलो तेव्हा. बाजीपुढे केळीच्या पानावर दहीभात होता, वर लोणचं तेवढं नव्हतं.

“मामी, त्याला चालत नाही हे.”

“दहीभात पथ्याचाच असतो,” मामी म्हणाल्या. “आणि तो वाळलाय किती, बघा.”

वाळलेल्या त्या जीवाने पान चाटून पुसून स्वच्छ केलं.

दुसऱ्या आठवड्यात आमचे शाखाधिकारी घरी आले. सहज या बाजूला आलो होतो, म्हणाले. त्यांचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला आहे. रजेच्या अर्जांची संख्या तोवर चार झाली होती. बाजीने त्यांचं स्वागत चार पायांवर, शेपटी पंख्यासारखी फिरवत केलं. साहेब त्याच्या पायांकडे पाहत होते, मी साहेबांच्या तोंडाकडे. एवढ्यात आतून मामी कॉफी आणि वडे घेऊन आल्या. वड्याचा वास आला आणि बाजीने मागचा डावा पाय वर घेतला. लंगडत, मान खाली घालून, एकेक पाऊल टाकत तो मामींच्या पायाशी जाऊन बसला. साहेबांचा चष्मा ओला झाला. कॉफीच्या वाफेने असेल. त्यांनी स्वतःच्या हाताने त्याला अर्धा वडा दिला. अर्ज चारही मंजूर झाले.

हे सोंग आहे का, असं मी डॉक्टरांना विचारलं. सोंग नाही, शिकणं आहे, त्या म्हणाल्या. पाय वर धरला की वडा मिळतो, एवढं गणित कुत्र्याला सहज जमतं. २०२१ साली लंडनमध्ये एका माणसाचा पाय मोडला. तो कुबड्या घेऊन फिरू लागला, तर त्याचा कुत्राही पाय उचलून लंगडू लागला. मालकाने घाबरून तपासण्यांवर ३०० पौंड घालवले आणि निघालं काय, तर काहीच नाही. मालक लंगडतो म्हणून तोही. ही हकिगत ऐकल्यावर मी गप्प झालो. कारण माझा उजवा गुडघा चार वर्षांचा जुना आणि बाजी माझ्याकडे सहाच महिन्यांचा. आमच्यात नक्कल कोण कोणाची करतंय हा प्रश्न कोणी विचारू नये, एवढीच माझी इच्छा होती. बायकोने फोनवर तोच विचारला. कप्तानाने व्हिडिओ तिलाही पाठवला होता.

चौथ्या आठवड्यात मामा हट्टाने आम्हाला गोविंदपुरमला घेऊन गेले. कुंभकोणमहून मयिलादुतुरैच्या रस्त्यावर हे गाव. तिथे पंढरपूरचा विठोबा रखुमाईसह उभा आहे आणि तमिळ माणसं मराठी अभंग गातात, टाळ-मृदंगासह, कर्नाटक संगीतातल्या रागांत. उच्चार कुठे कुठे असे होतात की शब्द ओळखू येत नाही, पण डोळे भरून येतात. मी बाजीला घेऊन बाहेरच्या सावलीत बसलो. “आत विठोबा आहे आणि कुत्रा बाहेर,” मामा कुरकुरले. “नामदेव तर पोळी पळवणाऱ्या कुत्र्याच्या मागे तुपाची वाटी घेऊन धावले.” मी म्हटलं, “मामा, नामदेवांच्या कुत्र्याला धावायला परवानगी होती.” अभंग संपेपर्यंत बाजी गपगार पडून होता. सहा आठवड्यांत खरी विश्रांती त्याने घेतली ती तेवढीच.

बाकी वेळ आमचा झगडा एका अक्षराशी होता. तमिळमध्ये ‘वा’ म्हणजे ये. गल्लीतल्या मुलांनी बाजीला तेच शिकवलेलं. आणि मी पडलो मराठी माणूस. कुत्रा जरा वेळ शांत बसला की माझ्या तोंडून कौतुकाने निघणार, “वा!” की हा उठलाच, झेप घेऊन अंगावर हजर. पुन्हा खाली बसवा, पुन्हा तो शहाण्यासारखा बसतो, पुन्हा मला राहवत नाही. ‘वाहवा’ म्हटलं तर दुप्पट वेगाने येतो. डॉक्टरांनी दिलेल्या सहा आठवड्यांचे आठ झाले, त्यातले दोन माझ्या दाद देण्याच्या सवयीमुळे.

आठव्या आठवड्याच्या शेवटी कप्तानाने पुन्हा तलावाकाठी व्हिडिओ काढला. डॉक्टरांनी पाहिला. खुबा सरळ, पाचपैकी शून्य. वजन साडेबावीस, आणि त्याबद्दल मामींशी बोलणी चालू आहेत. खेळायला परवानगी मिळाली, पण हळूहळू वाढवत. तिण्णैवरून झेल मात्र कायमचा बंद, तिथली फळी आता खिळ्यांनी पक्की केली आहे. माझ्या गुडघ्यासाठी डॉक्टरांनी एका माणसांच्या डॉक्टरांचं नाव दिलं आहे. मी जाणार आहे. फॉर्मवर कारण काय लिहायचं ते अजून ठरत नाही.

२०२८ साली महामहम आहे. तुम्ही कुंभकोणमला याल, गर्दीतून वाट काढत आमच्या गल्लीत शिराल, मामी डबरा-टंबलरमधून कॉफी देतील. जरूर या. फक्त पहिला घोट घेतल्यावर, कॉफी कितीही आवडली तरी, मोठ्याने ‘वा’ म्हणू नका.